हॉइट टिडमोरचा खर्ज

"मान वर कर," मी म्हटलं. हॉइटने मुकाट्याने मान वर केली आणि मी त्याच्या टायची गाठ आवळली.

"आज कुठलं चर्च?"

"हार्मन्स क्रीक."

"माणसं चांगली आहेत तिथली. पियानो तेवढा बेसूर."

"बदलला त्यांनी पियानो."

"हो? कधी?"

"बदलला रे बाबा. मान हलवू नकोस." सकाळपासून हे बोलणं आमच्यात कितीदा झालं, ते मी मोजत बसले नाही. मोजणारी आमच्या बसच्या दारात उभी होती. आमची ग्लेंडा. माझ्या झग्याच्याच ताग्यातला निळा झगा घालून, केसांचा डोंगर रचून, हाताची घडी घालून.

"आई, जरा बाहेर ये."

बस चर्चच्या मागे, कबरस्तानाच्या कुंपणाला लागून उभी होती. रँडल, म्हणजे ग्लेंडाचा भाऊ, मायक्रोफोनच्या वायरी आत नेत होता. पलीकडे झाडांखाली बायका लांब टेबलांवर कागद अंथरत होत्या. हार्मन्स क्रीकचा होमकमिंगचा रविवार. गाव सोडून गेलेली झाडून सगळी माणसं या एका दिवशी परत येतात, आईबापांच्या कबरींवर फुलं ठेवतात, गाणी ऐकतात आणि मग आडवं होईपर्यंत जेवतात. गाण्यांसाठी दर वर्षी आम्हीच.

"आपलं काय ठरलंय ते लक्षात आहे ना?" ग्लेंडा म्हणाली. "आज बाबा चुकले तर गाणं बंद, बस घरी जाऊन उभी राहील. कायमची."

"चुकला तर ना? नाही चुकणार."

"मागच्या महिन्यात त्यांनी दोन गाण्यांची कडवी एकात एक घातली."

"कुणाच्या लक्षात आलं का?"

"माझ्या आलं."

"तुझ्या काय सगळंच लक्षात येतं. पाळण्यात होतीस तेव्हापासून चुका काढतेयस."

ती हसली नाही. "आई, लोकांनी बाबांकडे बघून कीव करावी, हे मला नकोय. एवढंच."

मी तिच्या झग्याची शिवण नीट केली.

आमचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. टिडमोर कुटुंब रेडिओवर दोनदा लागलं, आणि दोन्ही वेळा अशा भल्या पहाटे की गाईंशिवाय कुणी ऐकलं नसेल. हॉइट मोज्यांच्या गिरणीत विणायची यंत्रं दुरुस्त करायचा, मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते. शनिवार आला की बस काढायची. अलाबामाच्या या डोंगरांत असं छोटं चर्च नसेल जिथे आम्ही गायलो नाही. ग्लेंडाचा आवाज वरचा, रँडलचा त्याच्याखाली, मग पियानो वाजवत गाणारी मी. आणि सगळ्यांच्या तळाला हॉइट. त्याचा खर्ज लागला की बाकाची लाकडं थरथरतात, असं लोक म्हणायचे. मी त्याच्याशी लग्न त्या आवाजासाठीच केलं. बाकी दिसायला तो बेताचाच होता आणि नाचता तर त्याला अजिबात यायचं नाही.

डॉक्टरांनी त्याच्या दुखण्याला एक नाव दिलंय. ते नाव मी घरात उच्चारू देत नाही. नातवंडांची नावं त्याच्या हातून निसटतात, दात घासले की नाही ते आठवत नाही. पण गाणं सुरू करा, तो शब्दन् शब्द म्हणतो. डॉक्टरांनाही याचं नवल वाटलं. मला नाही वाटलं.

चर्च खच्चून भरलं होतं. दाराजवळ माणसं उभी होती. आमची पहिली दोन गाणी अशी झाली की मी पियानोवरून ग्लेंडाकडे मुद्दाम बघितलं. तिने मुद्दाम बघितलं नाही.

मग शेवटचं गाणं. नदीच्या पैलतीरावर दिवा लागलाय, कुणीतरी आपली वाट बघतंय, असं ते गाणं आहे. माझ्या सासऱ्यांनी रचलेलं. ध्रुवपदात एक जागा अशी येते की आम्ही तिघं गप्प होतो, पियानोही थांबतो, आणि हॉइट एकटा खाली खाली उतरत जातो, "थांब जरा, मी येतोय घरी." मग आम्ही सगळे एकदम सूर उचलतो. लोक येतात ते त्या एका ओळीसाठी.

आता आमच्यात एक रीत आहे, ती सांगायला हवी. ध्रुवपद संपलं आणि गाणाऱ्याला वाटलं की अजून काही उरलंय, तर तो हात वर करतो. हात वर झाला की बाकीच्यांनी ध्रुवपद पुन्हा उचलायचं. का, किती वेळा, हे विचारायचं नाही. देवाने त्याला थांबवलं नसेल, तर आपण थांबवणारे कोण. आमच्याकडे हा हात हॉइटचा. त्याने तो उगाच कधी वर केला नाही. वर्षातून फार तर एकदा.

ध्रुवपद संपलं. हॉइटचा हात वर झाला.

लोकांतून "आमेन" आलं. आम्ही पुन्हा उचललं. तो उतरला, आवाज असा की माझ्या खुर्चीला कळला. संपलं. हात पुन्हा वर. आता माणसं उठून उभी राहू लागली. पुन्हा गायलो. पुन्हा हात. आणि त्या वेळी त्याने माझ्याकडे बघितलं.

गाण्याच्या सुरुवातीला तो माझ्याकडे जसा बघतो, तसा. सूर दे, मी तयार आहे, असा. त्याला देव थांबू देत नव्हता, असं नव्हतं. आपण हे आत्ताच गायलो, हेच त्याला माहीत नव्हतं. दर वेळी तो पहिल्यांदाच गात होता.

ग्लेंडाने माझ्याकडे बघितलं. आई, संपव. मला काय, डाव्या हाताने शेवटचे दोन सूर दाबले असते की गाणं तिथेच मिटलं असतं. मी दाबले नाहीत. पुन्हा उचललं. कारण तो इतका सुंदर गात होता, आणि हे संपलं की बस घरी जाऊन उभी राहणार होती.

तेवढ्यात दाराजवळचा एक उंच माणूस मधल्या वाटेने चालत पुढे आला. हातात टोपी चुरगळलेली. वेदीपाशी गुडघ्यांवर बसला आणि ढसाढसा रडू लागला. मागच्या बाकावरची एक म्हातारी "माझं पोर, माझं पोर" म्हणत त्याच्याकडे धावली. मग आणखी माणसं आली. बायका डोळे पुसत होत्या. हॉइटचा हात वर गेला, तसा ग्लेंडाने तो अलगद आपल्या हातात घेतला, खाली आणला आणि धरून ठेवला. मी शेवटचे दोन सूर वाजवले.

जेवणाच्या टेबलाशी मला कुणी धड जेवू देईना. जो येईल तो माझे हात धरी. पास्टर स्टीगॉल यांचा चेहरा लाल झाला होता. "सिस्टर वर्डी, मी इथे आल्यापासून असा रविवार बघितला नाही. तो वेदीपाशी आलेला लोनी. भावाला पुरल्यापासून त्याने चर्चची पायरी चढली नव्हती. ब्रदर हॉइटना देवाने आज हाताशी धरलं होतं."

मी हो म्हटलं.

हॉइट माझ्या शेजारी बसून मक्याची भाकरी आणि तळलेली कोंबडी मन लावून खात होता. त्याने तोंड पुसलं आणि नम्रपणे विचारलं, "पास्टर, आम्ही कधी गायचंय? म्हणजे मी फार खात नाही. भरल्या पोटी खर्ज लागत नाही."

पास्टर खो खो हसले. "ब्रदर हॉइट, तुमची थट्टा काही जात नाही." त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या टेबलाकडे गेले. मीही हसले. ग्लेंडा ताट घेऊन समोर उभी होती, ती हसली नाही. मला वाटलं, आता ही बोलणार. बोलली असती तर मी भांडले असते. ती नुसती बापाच्या ताटात केळ्याचं पुडिंग वाढून गेली.

हॉइट उठला आणि बसकडे निघाला. मी मागोमाग गेले. आत तो आरशासमोर उभा राहून टाय सरळ करत होता, घशातल्या घशात सूर लावत होता.

"हॉइट, झालं गाणं."

त्याचे हात थांबले. "झालं?"

"झालं. जेवणाआधी."

"कसं झालं?"

"सगळं चर्च उभं राहिलं. लोनी नावाचा एक माणूस वेदीपाशी येऊन रडला. त्याची आई रडली. पास्टर म्हणाले, असा रविवार कधी झाला नाही."

तो सीटवर बसला. मग म्हणाला, "आणि मी कुठे होतो, वर्डी?"

"मधोमध. तूच तर गायलास."

"मला आठवत नाहीये."

"मला माहीतेय."

"लोकांसमोर देव आला, आणि मी तिथे नव्हतो." हे त्याने तक्रारीने म्हटलं नाही. यंत्रात कुठला भाग गेलाय हे सांगताना तो जसा बोलायचा, तसं म्हटलं. "मग मला खाली बसव. तिथे उभं राहायचं तर माणसाने तिथे असावं."

"तू चुकला नाहीस, हॉइट. एका शब्दाला चुकला नाहीस."

"तू ऐकतेयस का मी काय म्हणतोय ते?"

ऐकत होते. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. त्याने मला जवळ घेतलं. कोंबडीचा वास येत होता त्याच्या हातांना.

"खर्ज कोण भरणार मग?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"मी. डाव्या हाताने, पियानोवर."

"तू?" तो म्हणाला. "तुझा ताल धावतो."

"माझा ताल धावत नाही."

"लग्नापासून धावतोय."

निघताना पास्टर स्टीगॉलनी पुढच्या वर्षीचं पक्कं करायला म्हणून मला गाठलं. मी म्हटलं, "येऊ की. आम्ही तिघं." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बसच्या खिडकीत बसलेल्या हॉइटकडे बघितलं, आणि टोपी काढली. परतीच्या वाटेवर मी ग्लेंडाला सांगितलं की बस उभी करायची नाही, बाबा आता खाली, लोकांत बसणार आहेत. तिने माझा हात घट्ट धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

पुढच्या रविवारी आमच्याच चर्चमध्ये गायचं होतं. आठवडाभर मी डाव्या हाताने ती ओळ घोटली होती. रँडल म्हणाला, झकास जमतंय, कुणाला फरक कळणार नाही. हॉइटला मी पुढच्या बाकावर, माझ्या नजरेसमोर बसवलं. त्याने चांगला कोट घातला होता. शेजारच्या पोक्त बाईला तो सांगत होता, "ऐका आता. घरचीच माणसं आहेत माझी."

ध्रुवपद आलं. ती जागा आली. ग्लेंडा आणि रँडल गप्प झाले, आणि माझा डावा हात सुरांवर होता, बोटं जिथे हवीत तिथे होती. मी सूर दाबले नाहीत. का, ते मला विचारू नका.

चर्चमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. हॉइट डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसला होता. त्या सगळ्या रिकाम्या ओळीभर त्याचा उजवा पाय जमिनीवर ताल देत होता, ठाम, कुठेही न धावणारा. पाय थांबला तशी मी मान हलवली आणि आम्ही तिघांनी एकदम सूर उचलला.