डावी कड

निळा, मग जांभळा, मग हिरवा, मग पुन्हा निळा... कडेच्या बारीक नळीतून रंग फिरत होते, आणि काउंटरवर पसरलेल्या त्या काळ्या गेमिंग माऊसपॅडकडे तो हात मागे बांधून बघत होता. हात लावला की दुकानदार बोलायला लागणार, आणि दुकानदार बोलायला लागला की आपल्याच्याने नाही म्हणवत नाही, हे बावन्न वर्षांत त्याला पुरतं कळलं होतं. काय म्हणावं याला! एवढ्याशा माऊसला एवढी मोठी सतरंजी, आणि वर रोषणाई.

"मुलासाठी बघताय का?" दुकानदाराने विचारलंच.

"हो," तो म्हणाला. त्याला मुलगा नव्हता. मुलगी होती, परगावी नोकरीला, आणि तीही गेम म्हटलं की नाक मुरडणारी. पण खोटं कसं पटकन निघालं तोंडातून, जसं काही खिशातच ठेवलेलं होतं.

खरं सांगायचं तर पॅड मलाच हवाय. ऑफिसात टेबलांवर काचा आहेत, आणि काचेवर माऊस चालत नाही. पॅडवरून घसरला की पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजतो. गेले काही दिवस माझा माऊस सारखा डाव्या कडेवरून खाली उतरतो. कड सापडतच नाही. जुना पॅड काळा, टेबलाची काच काळपट, मग सापडणार कशी? कडेला उजेड असेल तर सापडेल. एवढं साधं आहे.

एवढं साधं असतं तर जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तो इथे आला नसता.

सकाळचं आठवलं की अजून कान गरम होत होते. इमारतींचे नकाशे काढण्यात त्याची सत्तावीस वर्षं गेली, आधी फळ्यावर शाईने, मग कॉम्प्युटरवर. रेषा इतकी सरळ की ऑफिसात त्याचं नाव 'ओळंबा' पडलेलं. आणि आज त्याचाच नकाशा हातात घेऊन मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काका, या बाथरूमला दार कुठाय? माणूस वरून सोडायचा का आत?" सगळे हसले. तोही हसला, अगदी मोठ्याने, म्हणजे लवकर संपेल. नकाशाच्या डाव्या कोपऱ्यातली ती चार भिंतींची खोली, चारही बाजूंनी नीट बंद... आपण काढली, तपासली, खाली सही केली, आणि आपल्याला ती दिसली नाही. मग सगळे पांगल्यावर मॅडम हळूच म्हणाल्या, "तिसऱ्यांदा झालं, काका." रागावून नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिन्ही चुका डावीकडच्या. हे मॅडमच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या आलं होतं, आणि लगेच त्याने पॅडला दोष देऊन टाकला होता. नाचता येईना, अंगण वाकडं.

"हात लावून बघा ना, पाण्याने धुतला तरी चालतो," दुकानदार म्हणाला.

त्याने कडेवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. आणि का कोण जाणे, आईचा पिवळा काठ आठवला... वडील घड्याळं दुरुस्त करायचे. भिंग लावलं की त्यांना तिळाएवढा स्क्रू दिसायचा, पण वाटेतलं स्टूल दिसायचं नाही. धडपडायचे आणि स्टूल ठेवणाऱ्याला शिव्या घालायचे. मग एकदा आईने टेबलावरच्या कापडाला जाडजूड पिवळा काठ शिवला. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाली, "शोभेला." चहाचा कप ठेवायच्या आधी वडील तो काठ थोपटायचे. मला वाटायचं, सवय. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आला असतात तर होती तेवढी नजर राखता आली असती. दोन वर्षं! दोन वर्षं वडील गप्प होते, आणि आई काठ शिवत होती.

"यात एकच रंग ठेवता येतो का?" त्याने विचारलं.

"येतो की. कुठला लावू?"

"पिवळा."

कड पिवळी झाली. तो नेहमी टेबलाशी बसतो तसा ताठ झाला, मान हलवायची नाही असं ठरवून समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. एक वाजून वीस मिनिटं. काटे स्वच्छ दिसत होते, सेकंदाचासुद्धा. खाली उजव्या अंगाला पिवळी रेघ जाणवत होती. डाव्या अंगाला काहीच नाही. काळोख म्हणावा तर तसंही नाही, नुसतं काहीच नाही.

"डावीकडची बंद आहे हो," तो म्हणाला. आवाजात थोडी सुटकाच होती. "पीस खराब आहे."

"कुठे? लागलीय की!"

त्याने मान वळवली. लागली होती. वरपासून खालपर्यंत, लख्ख.

दुकानदार काहीतरी हमीबद्दल बोलत होता, आणि याच्या डोक्यात मात्र सकाळचा चहा आला. माऊस धरणाऱ्याचा चहा डाव्या हाताला असतो. इतक्या वर्षांत त्याचा हात तसाच वळला होता, घरीसुद्धा, आणि बायको न सांगता कप डावीकडे ठेवायची. गेले दोन महिने ती उजवीकडे ठेवतेय. आज तो चिडलाच होता — "इतकी वर्षं झाली, अजून कळत नाही का, माझा चहा कुठे लागतो ते?" त्यावर ती कपाकडे बघत म्हणाली होती, "घ्या की उजव्या हाताने. हात झिजणार आहे का?" आणि उलट भांडली नव्हती. एरवी एका शब्दाला चार ऐकवणारी बाई...

दोन महिन्यांपूर्वी डावीकडचा कप त्याच्या धक्क्याने पडून फुटला होता. "जाऊ द्या, जुनाच होता," म्हणून तिने तुकडे गोळा केले होते. त्याच संध्याकाळपासून, बहुतेक.

"मग काय, पॅक करू?"

त्याला भीती वाटली. आणि तिच्या पाठोपाठ चक्क राग आला, बायकोचा — तुला कळत होतं तर बोलली का नाहीस? हे वाक्य त्याने मनात दोनदा म्हणून पाहिलं, आज घरी गेल्यावर कसं म्हणायचं त्याची तयारी केल्यासारखं. तिसऱ्यांदा म्हणताना मात्र ते तिच्याच आवाजात ऐकू आलं — तुम्हाला कळत होतं तर बोलला का नाहीत?

दुकानदार पिशवी हातात धरून थांबला होता. याने मात्र वडिलांसारखीच ती पिवळी कड अंगठ्याने थोपटली.