अंगदनाथांनी जाळलेलं पत्र

श्रीरामपूरजवळच्या साखर कारखान्याच्या फाटकासमोर दर गुरुवारी मांडव गच्च भरायचा. अंगदनाथ महाराज शुगरच्या रोग्यांना भस्माच्या पुड्या देत आणि इन्सुलिन बंद करायला सांगत. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर देवश्रींनी सगळ्या खात्यांना सावधगिरीचा ईमेल पाठवला, फलकावर लावा म्हणून. तो कुणालाच मिळाला नाही. पुन्हा पाठवला, तोही नाही.

पुढच्या गुरुवारी महाराजांनी हात वर केला. "डॉक्टरीणबाईंनी आमच्याविरुद्ध पत्र धाडलं. कुठं गेलं? नाथाविरुद्धचा शब्द वाऱ्यातच जळतो. आज शब्द जळाला, उद्या लिहिणारा जळंल."

लोक घाबरले. दवाखान्याची बाकं ओस पडली. ओळखीची माणसंही देवश्रींची नजर चुकवू लागली. देवश्रींनाही भीती वाटली, पण वेगळीच. पत्र कुणाला मिळालंच नाही, तर महाराजांना ते कळलं कसं?

अशात स्टोअरमधला अंगद खोकल्याचं औषध न्यायला आला. त्याचेही ईमेल हल्ली पोचत नव्हते आणि लोक त्यालाच पापी ठरवत होते. "मॅडम, मी तर दर गुरुवारी मांडवात असतो," तो रडवेला होऊन म्हणाला.

देवश्री चमकल्या. त्यांनी तेच पत्र पुन्हा पाठवलं; फक्त 'अंगदनाथ' काढून 'मांडवातले महाराज' असं लिहिलं. पत्र सगळीकडे पोचलं.

देवश्री कारखान्याच्या मॅनेजरना घेऊन थेट कॉम्प्युटर विभागातल्या शामकांतांकडे गेल्या. मेल सर्व्हरवर लॉटरीचे फसवे ईमेल अडवणारे नियम होते. त्यांच्याखाली एक नवा नियम होता: 'अंगद' हा शब्द असलेला ईमेल कुणालाही देऊ नये, फक्त शामकांतांकडे वळवावा. स्टोअरमधल्या अंगदचे ईमेलही त्याच्या नावामुळेच अडकले होते. महाराजांची निंदा अडवणं ही सेवाच, असं महाराजांनी शामकांतांना सांगितलं होतं. अडवलेलं पत्र आपणच महाराजांना दाखवल्याचं शामकांतांनी कबूल केलं.

मॅनेजरनी फाटकावर पडदा लावून तो नियम सगळ्यांना दाखवला. महाराज तोवर पसार झाले होते. ऊस मोजायच्या काट्यावर काम करणारे गहिनीनाथ मात्र इन्सुलिन सोडल्यामुळे नगरच्या दवाखान्यात बेशुद्ध होते. त्यांची बायको छबूबाई पुढं आली.

"हे पत्र आदी दिसलं असतं, तर ह्यांनी सुई सोडली नसती ना?"

देवश्रींनी तिचा हात धरला. मग त्या गर्दीकडे वळल्या. "कुणी उलट बोलत नाही म्हणून माणूस खरा ठरत नाही. उलट बोलणाऱ्याचं तोंड कुणी दाबलंय का, ते आधी बघा. आणि ज्यांनी सुई सोडलीय, त्यांनी आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

 मग मागून एकेक हात वर होऊ लागला.