देवाजीचं दाताळं

मित्रांनो, मला कंगवा म्हणावं की दाताळं, यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही. मी शिसवाच्या लाकडाचा जुना कंगवा आहे. माझे दात पेन्सिलीएवढे जाड आणि एकमेकांपासून फटकून उभे. बारा होते, आता नऊ उरलेत. आज सकाळपासून त्या नवांपैकी एकालाही चैन नाही. का, ते सांगतो. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मला घडवलं देवाजीने. इतवारीतल्या एका आरा गिरणीत तो लाकडं कापायचा. त्याला मुलगी झाली, तारा. जन्मतःच तिच्या डोक्यावर काळ्या कुरळ्या केसांचं रान होतं. देवाजीचं डोकंही तसंच. बारीक दातांचा कंगवा असल्या केसांत कसा अडकतो आणि डोळ्यांत कसं पाणी आणतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्याने उरलेल्या फळीतून मला कापलं, काचेने खरवडून गुळगुळीत केलं आणि तीन दिवस जवसाच्या तेलात बुडवून ठेवलं. घरी आणलं तेव्हा त्याची बायको वच्छला पोट धरून हसली.

"हा कंगवा व्हय का दाताळं? याच्यानं वावरातला कचरा गोळा होईन!"

"हसून घे तू," देवाजी म्हणाला. "माह्या पोरीच्या डोळ्यांत पानी नाई येनार."

आणि खरंच, आठ वर्षं आलं नाही. मी तिच्या केसांतून जायचो तो ओढ्यातून होडी जावी तसा, वळणावळणाने.

मग देवाजी तापाने गेला. त्याची करवत, रंधा आणि मी एका पत्र्याच्या पेटीत बंद झालो. त्या वस्तू डोळ्यांसमोर असल्या की वच्छलेला घास गिळवत नसे. बाजारातून एक गुलाबी प्लॅस्टिकचा कंगवा आला. रोज सकाळी खाटेखालच्या पेटीत मला ताराचं कळवळणं ऐकू यायचं आणि मी रंध्यावर दात आपटत पडून राहायचो. पेटीला गंजून एक भोक पडलं होतं. माझं सारं जग तेवढंच.

वच्छला तेव्हा एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला लागली. कपड्यांना इस्त्री करायची. चादरी, गाऊन आणि सगळ्यांत नाजूक काम म्हणजे नर्सबाईंच्या पांढऱ्या टोप्या. खळ देऊन, घडी पाडून, कडक इस्त्री. पाखरू पंख मिटून बसावं तशी टोपी तिच्या हातून निघायची. घरी आली की म्हणायची, "यातली एक टोपी माह्या ताराच्या डोईवर दिसली पाह्यजे. बस, मंग मले काही नको."

१९७३ साली तारा नर्सिंगच्या शिक्षणाला लागली. पहिले सहा महिने परीक्षेचे. ते पार पडले की समारंभात टोपी मिळायची. नाही मिळाली तर नाव कमी, शिक्षण तिथेच बंद. पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टरने तिच्या डोक्याकडे बोट दाखवलं. "हे जंगल टोपीखाली कसं बसणार? केस नीट बसवून यायचं. नाहीतर टोपी विसर."

ते ऐकून आल्यापासून मायलेकींना थारा नव्हता. आणि वच्छलेला जी विद्या येत होती, तीच तिने वापरली. इस्त्रीची.

दर रविवारी जमिनीवर घोंगडी पसरायची, तारा तिच्यावर डोकं टेकून आडवी व्हायची, केस चादरीसारखे पसरले जायचे. वर ओला रुमाल, आणि रुमालावरून कोळशाची इस्त्री. तापली की नाही हे पाहायला वच्छला तिच्यावर पाण्याचे थेंब शिंपडायची. छन्न वाजलं की फिरवायची. दहा वर्षं सुती कपड्यांवर जो अंदाज बसला होता, तोच तिने लेकीच्या केसांना लावला. त्या हातांना दुसरं काही माहीत नव्हतं, मित्रांनो. त्यांच्यात प्रेम कमी होतं असं नाही.

सोमवारी केस सरळ. बुधवारी घाम आला की पुन्हा वळायला लागायचे. मग गुरुवारीही इस्त्री. भोकातून जळकट वास आत यायचा आणि माझं लाकूड शहारायचं. मी ओरडू शकलो असतो तर!

एका रविवारी छन्न जरा जास्तच वाजलं. धूर निघाला. कानामागची एक बट वच्छलेच्या मुठीतच आली.

ताराने डोक्याला रुमाल बांधला आणि तो घरातसुद्धा सोडेना. चारचारदा हात रुमालाकडे जायचा. वाचताना, जेवताना, झोपेतसुद्धा.

ऑक्टोबरात दीक्षाभूमीच्या सोहळ्याला दरसालप्रमाणे पारशिवनीहून बायजाबाई आली. देवाजीची थोरली बहीण, ताराची आत्या. भाकऱ्यांचं गाठोडं खाली ठेवण्याआधीच तिने विचारलं, "काहून वं, डोकं बांधून बसली? दुखून राहिलं का?"

"नाई आत्या, असंच."

"असंच कोनी बांधते का?" म्हणून तिने रुमाल ओढला. जळक्या बटा बोटांत धरून पाहिल्या.

मग वच्छलेकडे वळून ती कडाडली, "हे काय केलं वं तू? पोरगी हाये का चादर?"

"मंग मी काय करू, वन्सं?" वच्छलेचा बांध फुटला. "टोपी बसत नाई म्हनते ती सिस्टर. तुमच्या भावाचे केस दिले देवानं, ते तं कोनाचं ऐकतच नाईत!"

फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती होती. बायजाबाईने तिच्याकडे हात केला. "ते डोकं पाह्य. हाये का एक तरी केस सरळ? सारे शंखावानी वळलेले. रोज हात जोडतं तू त्याले. त्याच्यावरबी इस्त्री फिरवशीन का?"

वच्छला मूर्तीकडे पाहत राहिली. इतकी वर्षं तिने तिथली धूळ पुसली होती. डोकं आज पाहिलं.

"देवाजीचं दाताळं कुठी हाये?" आत्याने विचारलं.

पेटी उघडली. उजेड माझ्या दातांवर पडला, आणि सांगतो, मला लाकडालाही घाम फुटला. जमेल का मला अजून?

आत्याने पातेल्यात जवस उकळलं. गाळून जे चिकट, बुळबुळीत पाणी निघालं ते ताराच्या ओल्या केसांना चोळलं. मग मला घेतलं आणि मुळाशी न लावता टोकाशी लावलं. "खालून सुरू करायचं. गुंता वरून ओढला की तो आनखी आवळते." ती विंचरता विंचरता गुणगुणत होती:

कुरळे बाई केस, माझ्या भावाच्या लेकीचे,
तणावे वळती, मांडवावर काकडीचे.

माझ्या दातांना तेव्हा एक सीमा लागली. मुळापासून चार बोटं, जिथे इस्त्री पोहोचत नव्हती, तिथे केस जिवंत होते, ओल्या वेलीसारखे. त्यापुढे वाळलेलं गवत. त्या सीमेवर मी जरा जरी रेटलो असतो तरी केस तुटले असते. आत्यालाही ते बोटांनी कळलं. "जळलेलं कापून टाकावं लागते, तारा."

"पोरीचे केस कापता?" वच्छला किंचाळली. "लोक काय म्हनतीन? अन् टोपी?"

ताराचा हात रुमालाकडे गेला, रुमाल नव्हता. मग तिने स्वतःच कात्री आत्याच्या हातात दिली. "काप, आत्या. टोपी गेली तं गेली. रोज धसका घेऊन जगनं नको मले."

पुढचे तीन महिने मी निवांत नव्हतो. डोक्याला चिकटलेली लहान लहान वळणं, वर्गातल्या मुलींचे टोमणे ("मेंढी आली वं!"), आणि रोजचं जवसाचं पाणी. वच्छला इस्त्री करायची नाही, पण मला हातही लावायची नाही.

समारंभाच्या सकाळी मात्र तिने मला उचललं. टोकापासून सुरुवात केली. एकदाही ओढलं नाही. नंतर मला पिशवीत टाकून ती सभागृहात मागच्या रांगेत जाऊन बसली.

पिशवीच्या तोंडातून मला दिसत होतं. मोठी सिस्टर एकेकीच्या डोक्यावर टोपी ठेवून पिना लावत होती. मुली वाकून समईवर आपली मेणबत्ती पेटवायच्या. दोघींच्या तेल लावलेल्या गुळगुळीत केसांवरून पिना सटकल्या आणि टोप्या कानावर आल्या. मग ताराचं नाव पुकारलं. सिस्टरने आखूड कुरळ्यांकडे पाहिलं, थांबली. वच्छलेने पिशवी इतकी आवळली की माझा एक दात कडकन मोडला.

पिना आत गेल्या आणि केसांनी त्या धरून ठेवल्या. तारा वाकली. टोपी जागची हलली नाही. सिस्टरने बोटाने हलवून पाहिली, पुन्हा हलवली, आणि म्हणाली, "पक्की बसली की गं!"

वच्छला मोठ्याने रडली. लोक वळून पाहत होते. पाहू देत.

पुढे तारा मला वॉर्डात न्यायची. महिनोन् महिने खाटेवर पडलेल्या बायांच्या डोक्यातल्या गाठी मी टोकापासून सोडवल्या आहेत. एवढं सुख कंगव्याच्या वाट्याला क्वचित येतं. दोन दात तिथेच गेले. मग ड्युट्या वाढल्या, संसार वाढला, आणि मी पुन्हा पेटीत आलो.

आता १९८६ चालू आहे. ताराची मुलगी संघमित्रा दहा वर्षांची झाली. तिचं डोकं हुबेहूब देवाजीचं. शाळेत तिला 'शेवया' म्हणतात. आज तारा ड्युटीवर आहे. सकाळपासून प्लॅस्टिकचा कंगवा केसांत कटकट तुटतो आहे, पोर मुसमुसते आहे. म्हणून मला चैन नाही, मित्रांनो. तुमच्या डोक्यावर जे उगवतं ते तुमच्याशी भांडायला उगवत नाही. त्याला पाणी द्या, वेळ द्या, टोकापासून सुरुवात करा. आणि तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी पेटीत पडला असेल, तर एकदा झाकण उघडून बघा.

थांबा. ती बोलते आहे.

"आजी, तुही कोळशाची इस्त्री कुठी हाये? केस सरळ कर ना माहे!"

इस्त्री तिथेच आहे. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून वच्छलेने ती दाराला टेकून ठेवली आहे. भोकातून मला दिसते.

वच्छला त्या इस्त्रीकडे पाहते. मग म्हणते, "ते मोडली वं, बाई. कवाचीच मोडली. तू असं कर, खाटेखालची पेटी ओढ. त्याच्यात तुह्या आबाचं दाताळं हाये. आन इकडे. अन् येता येता लोटाभर पानी आन."