तांबडीची पाठ

कचेरीत खेटे घालून माणूस शहाणा होत नाही, नुसता म्हातारा होतो. हरिबा धनगर सहा वर्षांत तसाच म्हातारा झाला होता. बरं, त्याचं मागणं तरी काय होतं? जमीन नको होती, इनाम नको होतं. ज्या तट्टाच्या पाठीला जखम आहे, त्याच्यावर ती भरून येईपर्यंत कुणी ओझं लादू नये, असा एक हुकूम संस्थानानं काढावा, एवढंच. हे सांगायला तो वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यातून, कधी एखादं तट्टू बरोबर घेऊन, भोरला चालत जायचा, दोन दिवस कचेरीच्या पायरीवर बसायचा आणि "बघू" एवढं ऐकून परत यायचा.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची ही गोष्ट. वरच्या डोंगरात तेव्हा गाडीवाट नव्हती. हिरड्याचा हंगाम लागला की वाड्यावस्त्यांवरचा हिरडा गोणीत भरून तट्टांवर लादायचा आणि खाली वेल्ह्याच्या वखारीत आणून टाकायचा. ठेकेदाराला सगळा माल पावसाच्या आत हवा असे, म्हणून तट्टं दिवसाला दोन-दोन खेपा करत. उतारावर गोणी पुढं सरकते, खोगीर घासतं आणि चार दिवसांत खांद्यामागचं कातडं सोलवटतं. मग त्यावर माशा बसतात आणि किडे पडतात. शिंगरू मेलं हेलपाट्यानं, असं लोक म्हणतात. आपल्या पायाचे तुकडे पडले की हसत हसत म्हणतात. ही म्हण ज्यानं पहिल्यांदा काढली त्यानं आईच्या मागं धावता धावता पडलेलं एखादं शिंगरू खरंच पाहिलं असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. हरिबानं अशी तीन पाहिली होती.

आणि ही तट्टं कामावर टिकून होती ती पुन्हा हरिबामुळंच. त्याच्या हाताला गुण होता. सीताफळाच्या पाल्याचा रस जखमेत पिळला की किडे बाहेर पडायचे, मग करंजाचं तेल आणि हळद. आठ-दहा दिवसांत पाठ भरून यायची. भरली की मालक तट्टू घेऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाठीवर गोणी. हरिबाला हे कळत नव्हतं असं नाही. त्याची बायको सोजराबाई तर तोंडावर सांगायची, "तुमी बरं करता म्हणून त्येंचं फावतं." पण दारात आलेलं मुकं जनावर तसंच परत धाडणं त्याच्यानं होत नसे.

जनावर औषधाला द्यायची तिकडे एक रीत होती. मालकानं दाव्याचं टोक औषध करणाऱ्याच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, "आता ह्याचं बरंवाईट तुमच्या माथी." दावं मालकाच्या हातात परत जाईस्तोवर जनावर औषधवाल्याचं. ते मेलं तरी मालकानं शब्द काढायचा नाही, आणि दावं एकदा घेतल्यावर औषधवाल्यानंही जबाबदारी झटकायची नाही. ना कागद ना साक्षीदार, पण ही रीत मोडलेली कुणी ऐकली नव्हती.

त्या साली माघात कचेरीतल्या कारकुनाला एकदाची त्याची दया आली.

"हरिबा, तुझं घोडं कुठं पेंड खातंय सांगू का?" कारकून म्हणाला. "तू दर वेळी जनावर आणतोस ते बरं झालेलं. साहेबांनी बघायचं काय? केस आलेली पाठ? येत्या गुरुवारी साहेब वेल्ह्याला मुक्कामाला आहेत. उघडी जखम दाखव. डोळ्यांनी दिसली तर हुकूम निघेल."

बोलणं खरं होतं. जखमी तट्टू हाती आलं की हरिबा आधी पाला आणायला धावायचा, कचेरी त्याला मागाहून आठवायची.

रविवारी सकाळी सावळाराम आपल्या तांबडी घोडीला घेऊन आला. सावळाराम खालच्या गावचा कुणबी, नऊ तट्टांचा मालक. माणूस वाईट नव्हता, पण एक खेप चुकली की ठेकेदार दुसऱ्याची तट्टं लावी, म्हणून त्याची तट्टं कधी बसत नसत. तांबडी लंगडत नव्हती. मान खाली घालून उभी होती एवढंच. खोगीर काढलं तेव्हा त्याच्या खालची घोंगडी कातड्याला चिकटून आली. जखम तळहाताएवढी होती आणि आत वळवळ दिसत होती.

"लई दिवस दडवलंस," हरिबा म्हणाला.

"काय करू हरिबा, हंगाम हाय," सावळाराम म्हणाला आणि त्यानं दाव्याचं टोक पुढं केलं. "आता हिचं बरंवाईट तुमच्या माथी."

हरिबानं दावं घेतलं. सवयीनं ओढ्याच्या बाजूला गेला, सीताफळीच्या झाडाखाली थोडा वेळ उभा राहिला आणि हात हलवत परत आला. सोजराबाईनं पाटा धुऊन ठेवला होता.

"पाला न्हाई मिळाला व्हय?"

"हाय की. म्याच आणला न्हाई."

"कशापायी?"

"बेस्तरवारपत्तूर हिला अशीच ठिवायची. सायबाला दावायची. एकडाव हुकूम निघाला की समद्या तट्टांचं कल्याण हुईल."

सोजराबाईनं पाटा उचलला. मग तो भिंतीला टेकवून ठेवत म्हणाली, "समद्यांचं हुईल. हिला पुसलं का?"

हरिबा कडुनिंबाची फांदी घेऊन घोडीजवळ जाऊन बसला. चार दिवस तो तिथंच होता. माशा हाकलायच्या, गवत टाकायचं, पाणी पाजायचं, सगळं करायचं. फक्त जखमेला हात लावायचा नाही. हिशेब त्याच्या मनात पक्का होता. एका घोडीचे चार दिवस एका बाजूला आणि त्या डोंगरातल्या यच्चयावत तट्टांचा जन्म दुसऱ्या बाजूला. हिशेब चुकत नव्हता, पण जेवण जात नव्हतं. सोमवारी घोडी पायानं जमीन उकरत राहिली. मंगळवारी तिनं तेही सोडलं. बुधवारी तो तिच्या तोंडासमोर बसायचा बंद झाला, मागच्या बाजूला जाऊन बसू लागला. त्याला लाज वाटत होती. साठ वर्षांत जनावराची लाज वाटायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. सोजराबाई भाकरी ठेवून जाई आणि तशीच उचलून नेई.

गुरुवारी तो तांबडीला घेऊन दिवस उगवायला वेल्ह्यात उतरला. चावडीपुढं सडा घातला होता, पाटील फेटा बांधून बसले होते. दुपार झाली. ऊन कलल्यावर एक शिपाई सायकल ढकलत आला. साहेबांची मोटार नसरापुराशी बंद पडली, साहेब भोरला माघारी गेले, वेल्ह्याचा मुक्काम आता पुढच्या महिन्यात. पाटलांनी फेटा सोडला. माणसं पांगली.

सावळाराम वखारीत गोणी उतरवत होता, तो धावत आला. घोडीची पाठ बघून त्याचा चेहरा उतरला.

"हरिबा, आवो हे काय? औषध न्हाई केलं?"

"न्हाई."

"आता तरी करा. झालं ते झालं."

हरिबा तिथंच मातीत बसला. औषध करावं असं त्याच्या जिवात फार होतं. पण औषध केलं असतं तर घोडीनं सोसलेले चार दिवस पाण्यात गेले असते, आणि पुढल्या महिन्यात हेच सगळं दुसऱ्या कुठल्या तरी घोडीच्या नशिबी आणावं लागलं असतं. ते आपल्या हातून होणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. जे काय व्हायचं ते हिच्यावरच निभावायला हवं होतं. तो गुडघ्यावर हात टेकून उठला.

"भोरला नेतो हिला," तो म्हणाला.

"येवढ्या लांब? ही अशी?"

"मोकळी चालंल. वझं न्हाई तर तिला चालायला कायबी तरास न्हाई."

सावळाराम खेप सोडून त्याच्याबरोबर निघाला. दावं हरिबाच्या हातात असलं तरी घोडी शेवटी त्याची होती. डोंगर ओलांडून ते भाटघरच्या पाण्याच्या कडेकडेनं चालले. घोडी थांबली की दोघं थांबत. वाटेत किनाऱ्याला लागवड करणाऱ्या बायका नाकाला पदर लावून बाजूला होत, एकीनं तर "मारून टाका की तिला" असंही म्हटलं. शनिवारी उन्हं वर आल्यावर ते भोरात कचेरीपुढं उभे राहिले.

साहेब बाहेर आले. त्यांनी रुमाल नाकाला लावला, पण मागं सरले नाहीत. जवळ येऊन नीट वाकून जखम पाहिली. माणूस न्यायाचा होता, आणि राग त्यांना खरोखरचा आला होता.

"हे कुणी केलं?"

सावळारामाचे हात जोडलेलेच होते. "सरकार, पाठ वझ्यानं सोलली, ती माझी चूक. पर आयतवारपासनं हिच्यावर गोणी न्हाई. दावं म्या हरिबाच्या हातात दिलं हुतं."

"मग आज शनिवार. सहा दिवस जनावराच्या पाठीत किडे आणि औषध नाही?"

कारकुनानं खाली बघितलं. सावळाराम हरिबाकडं वळला. त्याला म्हाताऱ्याची कीव आली असावी. तो घाईनं म्हणाला, "केलं सरकार, औषध केलं. लागू पडलं न्हाई."

हरिबानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण औषध करूनही पाठ अशी झाली म्हटल्यावर साहेब म्हणणार, हा काही तरी रोग आहे, यात ओझ्याचा काय दोष? मग हुकूम राहिला आणि घोडीचे सहा दिवसही गेले. शिवाय दावं घेऊन खोटं बोलणं त्याला जमणारं नव्हतं.

"न्हाई सरकार," तो म्हणाला. "औषध म्या केलंच न्हाई. हातात गुण असून केलं न्हाई. तुमच्या नदरेला पडावी म्हणून पाठ उघडी ठिवली. सा वरसं सांगतोय, कुणाला दिसत नव्हती."

साहेबांनी दोघांना आत बोलावलं. मग त्यांनी कारकुनाला मजकूर सांगायला सुरुवात केली. पाठीला जखम असलेल्या तट्टावर, घोड्यावर, बैलावर जखम भरेपर्यंत ओझं लादण्यास मनाई. आणि ज्याच्या ताब्यात जनावर असेल त्यानं औषधोपचारात हयगय केल्यास तो गुन्हेगार. कारकून लिहीत होता. सहा वर्षं पायरीवर बसून ज्याची वाट पाहिली तो हुकूम अर्ध्या घटकेत लिहून झाला.

"आता पहिला गुन्हा," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "हरिबा धनगर, तुझा हेतू मला कळला. पण या घोडीला तो कळला नसेल. घोडी बरी होईपर्यंत सरकारजमा. आणि आजपासून तू कुणाचं दावं हातात घ्यायचं नाहीस. कुठल्याही जनावराला औषधाचा हात लावायचा नाहीस."

"व्हय सरकार," हरिबा म्हणाला. त्याला त्यात गैर काही दिसलं नाही. त्यानं अंगठा उठवला. आनंद व्हायला हवा होता म्हणून त्यानं मनात चाचपून पाहिलं, पण तिथं नुसता शीण होता. कुठं तरी भिंतीला टेकून बसावं, एवढीच इच्छा.

बाहेर आल्यावर सावळाराम म्हणाला, "घरी आणिक तीन तट्टांच्या पाठी सोलल्यात. आता हुकमानं ती बांधून ठिवावी लागणार. बांधीन. पर औषध कोण करंल?"

"सोजराला येतं समदं," हरिबा म्हणाला. "तिला मनाई न्हाई."

सावळाराम गेला. हरिबा मात्र कोंडवाड्यापाशी थांबला. तांबडीला आत खुंट्याला बांधलं होतं आणि चिमाजी नावाच्या शिपायाला औषधाचं काम सांगितलं होतं. चिमाजीनं जन्मात कधी घोड्याला हात लावला नव्हता. पाला, तेल, हळद घेऊन तो लांब उभा होता. कोंडवाड्याची भिंत कमरेएवढी होती. हरिबा बाहेरून सांगू लागला. चिमाजीनं धसमुसळेपणानं पाला पिळला तशी घोडी थरथरली आणि तिनं पाय झाडला.

"बाबा, तुमीच या आत," चिमाजी हैराण होऊन म्हणाला. "म्या तोंड फिरवून हुबा ऱ्हातो. कोण बघतंय हितं?"

हरिबाचा एक हात भिंतीवर होता. भिंत ओलांडायला एक ढांग पुरे होती. पलीकडं घोडी होती, आणि सहा दिवस त्याचे हात याच एका कामासाठी शिवशिवत होते. त्यानं हात भिंतीवरून काढून घेतला.

"आजच निगालाय हुकूम," तो म्हणाला. "पयल्याच दिशी म्याच मोडला तर तो दुसरा कोण पाळील? तू कर. आदी तुजा हात तिला हुंगू दे."

त्याचा आवाज ओळखून तांबडीनं मान वळवली आणि ती भिंतीकडं यायला निघाली. दावं ताणलं गेलं, पाठ आखडली, जखमेतून रक्त आलं. हरिबा चार पावलं मागं सरला. ती तरी ओढतच होती, तसा तो आणखी मागं, रस्त्याच्या पार पलीकडं जाऊन उभा राहिला, आणि चिमाजीला ऐकू जावं पण घोडीला कळू नये अशा परक्या, मोठ्या आवाजात तिथून सांगू लागला, "हळू. खालनं वर. दाबू नगंस, नुसतं पीळ."