तपकिरी ढेकूण

चांगलं बोलायचं मला जमत नाही. लुंबिनीच्या जिभेला हाड नाही, असं शिरूर अनंतपाळात कुणीही सांगेल.

आमच्या सीताफळाच्या दोनशे झाडांवर यंदा पिठ्या ढेकूण चढला. फळांच्या खाचाखाचांत पांढरं पीठ भरलं. तीन वेळा फवारलं, ढेकूण तसाच. लातूरला नोकरीला असलेला माझा भाऊ आनंदराज फोनवर म्हणाला, "औंदा फळ साफ न्हाई निघालं तर झाडं उपटू आन् सोयाबीन पेरू." जमीन त्याच्या नावावर. बाग मी लावली, नऊ वर्षं मी वाढवली, पण सातबाऱ्यावर ते कुठं दिसतं?

मग भाद्रपदात एका फांदीवर काही ढेकूण वेगळेच दिसले. तपकिरी, फुगलेले, कडक. कृषी अधिकाऱ्यांनी भिंग लावून दाखवलं. मुंगीपेक्षा बारीक गांधीलमाशीने त्यांच्या पोटात अंडी घातली होती. आतली अळी ढेकणाला पोखरून खाते आणि माशी होऊन बाहेर पडते. "आपोआप आल्यात, नशीब समजा," ते म्हणाले. "फवारा बंद ठेवा. त्या वाढल्या की बाग साफ करतील." त्या दिवशी मला अन्न गोड लागलं.

रोज सकाळी मी भिंग घेऊन तपकिरी ढेकूण शोधायची. माझ्यासोबत राहणारी सरजाबाई आत्या मागं मागं यायची. रोपं लहान होती तेव्हा तिनेच घागरीने पाणी घातलं होतं.

"काय पाहून राहिलीस, माय?"

"तुला न्हाई कळायचं. गुमान बस."

बघता बघता चाळीसेक झाडांवर तपकिरी ढेकूण दिसायला लागले. डोळ्यांनी बघितल्याशिवाय आनंदराज ऐकणार नव्हता, म्हणून त्याला आणायला मी लातूरला गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं बागेत आलो. पहिल्या झाडावर नुसतं पांढरं. दुसऱ्यावरही पांढरं. मी वेड्यासारखी फांद्या वाकवत सुटले. तपकिरी एकही नव्हता.

आत्या बांधावर राखेच्या ढिगाजवळ बसली होती. बोटं सोलून निघालेली.

"दोन दिस येचले, माय. तू रोज हुडकायचीस न्हवं, ते कडक कडक. पांढरे हाताला चिकटतात, हे नखानं पटापट निघतात. एक बी ठेवला न्हाई. सगळे जाळले."

आनंदराजने माझ्याकडे पाहिलं. "सोमवारी जेसीबी सांगतो," एवढंच बोलून तो गाडीकडे गेला.

आत्यावर ओरडायला माझं तोंड उघडलं नाही. दोन वाक्यांत समजावलं असतं तर ही बाई त्या झाडांची राखण करत बसली असती. मी तिला तेवढीही किंमत दिली नव्हती. लाज वाटली, फार लाज वाटली.

"आता वाचंल न्हवं बाग?" तिने विचारलं.

"हाव, आत्या. वाचली."

ती हसली. सोमवारी तिला कुठं घेऊन जायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.