सात बरण्या

दाढ डावीकडची, खालची. गार्थ मॅडसनने सुई टोचली, पाच मिनिटं खिडकीतून डोंगराकडे बघत उभा राहिला आणि मग चिमट्याच्या टोकाने नेड्राच्या ओठावर टकटक केलं.

"काही कळतंय, बाई?"

तिने मान हलवली. नाही.

गार्थ तिला अजून बाईच म्हणायचा. सहा वर्षांचा असताना तो तिच्या रविवारच्या वर्गात होता आणि सगळ्यांनी प्रार्थनेला डोळे मिटले की शेजारच्याला चिमटे काढायचा. आता गावात दातांचा डॉक्टर तोच आणि गेल्या वर्षापासून बिशपही तोच. आमच्या पंथात बिशपला पगार नसतो. दिवसा तो दात कोरतो आणि बुधवारी संध्याकाळी कोट चढवून लोकांची पापं ऐकतो.

"अर्जातला दातांचा कागद झाला समजा," हात धुताना तो म्हणाला. "सात वाजता चर्चमध्ये या. बिशपचे प्रश्न तेवढे राहिलेत. थेनचे झाले गेल्या आठवड्यात."

थेन जॉर्गेन्सन म्हणजे तिचा नवरा. एकोणिसाव्या वर्षी तो धर्मकार्यासाठी दूरच्या सामोआ बेटांवर गेला होता, दोन वर्षं. त्यानंतर पन्नास वर्षं त्याने याच खोऱ्यात टर्की पाळल्या, पण संताप अनावर झाला की टर्कींना शिव्या सामोअन भाषेत द्यायचा. म्हातारपणी बायकोला घेऊन त्याच कार्यासाठी परत तिथे जायचं, हे त्याने लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. नेड्रा तेव्हा हो म्हणाली होती. बावीस वर्षांची मुलगी कशालाही हो म्हणते. आता अर्ज भरला होता, घराला भाडेकरू मिळाला होता. बिशपच्या एका सहीवर सगळं अडलं होतं.

ती घरी आली तेव्हा थेन स्वयंपाकघरात तीन पेट्या पीचकडे बघत उभा होता.

"हे कुणी आणलं?"

"मी. सकाळी."

"नेड्रा, जानेवारीत आपण जाणार. दीड वर्ष. हे खाणार कोण?"

ऑगस्ट संपत आला, रस्त्याकडेला पीचचा ठेला लागला, तिने गाडी थांबवली. सेहेचाळीस वर्षं हात हेच करत आले होते. वर्षभराची धान्य-फळं तळघरात भरलेली असावीत, हे तिच्या आजीलाही शिकवावं लागलं नव्हतं.

"बरं, आणलेत तर आता भरू," म्हणत थेनने तिचाच एप्रन बांधला.

सहापर्यंत दोघांनी फळं उकळत्या पाण्यातून काढली, सालं ओढली, अर्ध्या फोडी बरण्यांत लावल्या. तिने मग हात पुसले, पर्स घेतली आणि निघाली.

कोटातला गार्थ वेगळाच दिसायचा. इथे तीही त्याला तुम्ही म्हणायची.

"देव पित्यावर आणि त्याच्या पुत्रावर तुमचा विश्वास आहे? मनाला साक्ष पटते?"

आमटीत मीठ घातलं का, या प्रश्नाला बाई जशी पाठमोरीच हो म्हणते, तशी ती इतकी वर्षं हो म्हणत आली होती. आज तोंडाची अर्धी बाजू दुसऱ्याच कुणाची होती. शब्द जड येत होते, म्हणून एकेक निवडून घ्यावा लागत होता.

"नाही," ती म्हणाली.

गार्थने मान वर केली.

"भांडण नाही काही. तीन वर्षं झाली, गुडघे टेकते, बोलते, उठते. काही म्हणजे काही वाटत नाही. वाईटसुद्धा वाटत नाही, बिशप. ते वाटलं असतं तर तेव्हाच आले असते तुमच्याकडे."

"थेनना सांगितलंत?"

"त्याने अर्ध्या बाह्यांचे आठ शर्ट घेतलेत."

गार्थने पेनला टोपण लावलं.

"आज सही करत नाही, बाई. नकारही देत नाही. आधी घरी बोला. रविवारी दोघं या."

"आणि मी हो म्हटलं असतं तर?"

"केली असती. तुमच्यावर कोण संशय घेणार?"

ती परतली तेव्हा थेनने एक खेप उकळून काढली होती. जाड टॉवेलवर सात बरण्या वाफाळत होत्या. बरणी निवू लागली की झाकण आत ओढलं जातं आणि टक् वाजतं. वाजलं की बरणी टिकली. दोघं नेहमी मोजत.

टक्.

"एक," थेन म्हणाला. "झाली सही?"

"नाही." आणि तिने गार्थला सांगितलेलं सगळं तसंच त्यालाही सांगितलं. मधे दोन झाकणं वाजली. कुणी मोजली नाहीत.

"मला माहीत होतं," थेन म्हणाला.

"कसं?"

"पूर्वी तुझी प्रार्थना संपेपर्यंत माझे पाय बधिर व्हायचे. तीन वर्षं झाली, होत नाहीत."

"मग बोलला का नाहीस रे?"

"म्हटलं, सामोआला गेलो की येईल तुझं तुला परत."

"आणि नाही आलं तर?"

त्याने एप्रनची गाठ सोडली, परत बांधली. "मी कागद मागे घेतो," तो म्हणाला. ज्या वर्षी रोगाने हजार टर्की गेल्या, त्या वर्षी हाच आवाज होता.

आता आपल्याला रडू येईल, असं वाटून नेड्रा थोडी थांबली. आलं नाही. थेनच्या कोपराला पिचलेल्या पीचचा गर लागला होता, तो तेवढा तिने फडक्याने पुसला.

"मागे घेऊ नको. रविवारी जाऊ. गार्थला तुझ्यासमोर परत हेच सांगेन. हो मात्र म्हणणार नाही, कुणालाच. तिथे आजाऱ्याला भरवायला, फरशी पुसायला साक्ष लागत नसेल, तर करू दे त्याला सही. मी येते."

"आणि नाही केली तर?"

"तर शर्ट इथे घाल. उन्हाळा इथेही असतो."

"तिथला उकाडा निराळा असतो, नेड्रा. सोसवेल तुला?"

"मला सध्या काहीच वाटत नाही. मग उकाडा तरी का वाटेल?"

थेन हसला आणि हसता हसता त्याने एप्रनने डोळे पुसले. आणखी तीन वाजली. सातवं झाकण वाजलंच नाही. नेड्राने बोटाने दाबून पाहिलं, ते खाली गेलं आणि वर आलं. अशी बरणी ठेवायची नसते, खाऊन टाकायची असते. तिने दोन चमचे काढले.

"गोड आहे?" त्याने विचारलं.

"उजवीकडून आहे."

मग त्याने जाड पेन शोधून उरलेल्या सहा झाकणांवर साल लिहायला घेतलं.

"मोठं लिही जरा," ती म्हणाली. "दीड वर्षात डोळे आणखी जातील."