तांडेलांचं नाही म्हणणं

"डोकं हलवू नका हं," मालिनीताई सवयीने म्हणाल्या आणि ओशाळल्या. खाटेवरच्या भागोजी तांडेलांचं बोटसुद्धा हलत नव्हतं. मिरकरवाड्याच्या मासळीच्या धक्क्यावर पक्षाघाताने कोसळून तीन महिने झाले होते. पापण्याही उघडत नव्हत्या. 'शुद्ध नाही', केसपेपरवर लिहिलं होतं.

२००३ साल. मेंदूचा आलेख काढण्यात मालिनीताईंची अठरा वर्षं गेली होती. डोक्यावर तारा चिकटवायच्या, यंत्राच्या पेनांनी रेघा ओढलेला कागद डॉक्टरांकडे द्यायचा. अर्थ लावणं त्यांचं काम नव्हतं.

"परवा पोरांनी जाळं ओढलान, बांगडाच बांगडा!" उशाशी बसलेली यमुनाबाई नवऱ्याला सांगत होती. त्याच क्षणी डाव्या बाजूची नागमोडी रेघ चपटी झाली. मग पुन्हा डुलू लागली.

"वहिनी, परत बोला. जाळ्याचंच."

पुन्हा चपटी. सुनेबद्दलच्या तक्रारीला मात्र रेघ ढिम्म.

"योगायोग," डॉक्टर म्हणाले. पण कागद बराच वेळ खाली ठेवेनात. शेवटी म्हणाले, "मेंदूची डावी बाजू उजवा हात हलवते. ऐकून मनात जाळं ओढत असतील," आणि त्यांनी प्रश्न विचारून बघायला परवानगी दिली. मालिनीताईंचे शेजारी सलिल तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. रेघ चपटी झाली की पेटेल असा छोटा दिवा त्यांनी यंत्राला जोडून दिला.

मालिनीताई म्हणाल्या, "तांडेल, 'हो' म्हणायचं असेल तर उजव्या हाताने जाळं ओढतोय असं मनात आणा. नसेल तर स्वस्थ पडा. बायकोचं नाव तुळसा?"

दिवा विझलेलाच.

"यमुना?"

दिवा लागला. डॉक्टर खुर्ची ओढून बसले.

यमुनाबाई पुढे वाकली. "घराकडं येताव?"

काहीच नाही. तिचा चेहरा उतरला. "आयकलान नाय वाटतं."

मालिनीताईंना राहवेना. त्यांनी प्रश्न उलटा केला. "घरी जायचं नसेल, तर जाळं ओढा."

दिवा लागला.

यमुनाबाई दिव्याकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "माजी दगदग नको म्हनून नाय म्हनताव?"

दिवा लागला. या वेळी बराच वेळ.

"तीन म्हयने रोज हितं येतंय, ती दगदग नाय?" तिने डोळे पुसले. "आता सांगा. येताव?"

वाट पाहावी लागली. मग दिवा लागला.

चौथ्या दिवशी धक्क्यावरचे चौघे न्यायला आले. दवाखान्यात आणलं तेव्हा त्यांनी तांडेलांना पोतं उचलावं तसं उचललं होतं. आज चौघेही खाटेभोवती थांबले. त्यांतला महिपत कानाशी वाकला.

"तांडेल, उचलू काय?"

आता डोक्यावर तारा नव्हत्या. तरी चौघांनी क्षणभर वाट पाहिली, आणि मगच हात घातले.